सुलूचं गाऱ्हाणं

मरोळ, अंधेरी (पूर्व)
१२ ऑक्टोबर १९८६

सुलूचे बाबा,

नमस्कार. 'इकडे सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असं लिहायची पद्धत आहे. पण प्लॅस्टरमध्ये पाय घालून मस्कतच्या इस्पितळात पडलेल्या माणसाला क्षेम कसलं विचारायचं?

पाकिटावर तुमच्या खोलीत राहणाऱ्या खंडूभाऊजींचं अक्षर बघून पाकीट उघडायलाच वेळ लावला मी. पुढचं वाचवेना. मग तळाला तुमची सही दिसली, नेहमीसारखी कोंबडीने माती उकरल्यागत, तेव्हा जिवात जीव आला. शिडीवरून पडून पाय मोडला तुमचा, हात तर शाबूत आहे ना? मग पत्र दुसऱ्याकडून कशाला लिहून घेतलंत? दोन ओळी लिहा, पण तुमच्या हाताने लिहा.

इकडे माझं ठीक चाललंय. कारखान्यात दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरते. आमटीलासुद्धा औषधाचा वास येतो, असं सुलू म्हणायची. हल्ली म्हणत नाही.

सुलू अभ्यास करते. बारावीची पहिली परीक्षा झाली, मार्क अजून हातात आले नाहीत म्हणते. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवत होते, तर मध्येच उठली आणि मोरीत नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, "अगो, पाय मोडलाय, माणूस नाही." तर माझ्याकडे असं बघितलं तिने की मी पत्र मिटून ठेवलं. बापावर माया आहे हो तिची, दुसरं काय. जेवण जरा कमी झालंय. बारावीच्या वर्षात सगळ्याच पोरांचं होतं, असं बायका म्हणतात. तुम्ही काळजी करू नका, पाय जपा.

तुमची,
नलिनी


मरोळ
९ नोव्हेंबर १९८६

सुलूचे बाबा,

तुमच्या हातचं पत्र मिळालं, बरं वाटलं. पायात सळी घालायची म्हणता. घालू देत. गंजणार नाही अशी घाला म्हणावं.

दिवाळी झाली. चकल्यांनी तेलात जीव दिला, निम्म्या विरघळल्या. कंदील सुलूने लावू दिला नाही. "बाबा तिकडे पडलेत आणि आपण कंदील लावायचा?" म्हणाली. मग नुसत्या पणत्या लावल्या.

धाकूभावोजी गावाहून येऊन गेले. नारळ आणले, कोकम आणलं आणि उपदेश तर पोतंभर. सुलूला समोर बसवून म्हणाले, "चेडवा, अभ्यास कर. देवाक सांगलंय मी." ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. एवढी बडबडी पोर, पण काकांपुढे अक्षर नाही. तुमच्या थोरल्या भावाचा दराराच तसा आहे.

परवा सुलू पवईच्या तळ्यावर फिरायला गेली होती. पलीकडच्या खोलीतल्या शकुमावशी तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात चपात्या लाटतात, तुम्हाला माहीतच आहे. त्यांना ती तिथे भेटली, मग दोघी एकाच बसने घरी आल्या. अभ्यासाने डोकं शिणतं, मोकळी हवा बरी असते. तेवढंच.

फिजिक्सला किती पडले विचारलंत. पुढच्या पत्री कळवते.

तुमची,
नलिनी


मरोळ
३० नोव्हेंबर १९८६

सुलूचे बाबा,

मागच्या पत्रात मी 'तेवढंच' लिहिलं, पण ते तेवढंच नव्हतं. तुमच्या पायाचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू म्हटलं होतं. आता तुम्ही काठी घेऊन चालता असं कळवलंत, तर बसून वाचा.

शकुमावशी कामावरून सुटून तळ्याच्या कडेने येत होत्या. सुलू अगदी पाण्याला लागून बसलेली. दप्तर बाजूला, चपला काढून नीट जोडीने ठेवलेल्या. घरी त्याच चपला दोन दिशांना फेकते, हे तुम्ही जाणता. मावशींना काय वाटलं कोण जाणे, त्या शेजारी जाऊन बसल्या आणि डबा उघडून म्हणाल्या, "चपाती खातीस का गं?" सुलू म्हणाली, "मावशी, मी नसले ना, तर सगळं नीट होईल." मावशींनी तिचं मनगट धरलं ते आमच्या दारात आणेपर्यंत सोडलं नाही. बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा म्हणे एकाच हाताने काढून दिले.

मला हे त्यांनी बाहेर गॅलरीत बोलावून सांगितलं. मी आत गेले आणि सुलूला जवळ घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "नलिनी, साकीनाक्याला ट्रस्टचा दवाखाना हाय, तिथं शनिवारी विमलाताई गजभिये बसतात. माझ्या भाच्याला, अंबादासला, दहावीच्या टायमाला त्यांनीच उभं केलं. सुई नाही, बाटली नाही, नुसतं बोलायचं." दारावर पाटी आहे 'मन व वर्तन मार्गदर्शन'. ती वाचून कोणाला काही कळत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. मी सुट्टी टाकली आणि सुलूला घेऊन गेले.

पहिल्या वेळी ती आत काही बोललीच नाही. ताईही बोलल्या नाहीत. मी बाहेर बाकावर बसले होते, पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मनात म्हटलं, गप्पच बसायचं तर घरी काय वाईट होतं? दार उघडलं तेव्हा ताईंनी विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील?" सुलू "हो" म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडून कशाला तरी 'हो' ऐकलं मी. रस्त्यातच माझे डोळे भरून आले, धूळ गेली म्हणून सांगितलं तिला.

फिजिक्समध्ये ती नापास आहे. हे शेवटी लिहितेय, कारण आता ते खरंच सगळ्यात शेवटी आहे.

तुमची,
नलिनी


मरोळ
२१ डिसेंबर १९८६

सुलूचे बाबा,

तुमचं पत्र मिळालं. एवढ्या लांबून ओरडलात तरी चाळीला ऐकू गेलं असेल. 'माझ्या मुलीला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंस, उद्या तिला स्थळ कोण देणार?' मी ते पत्र तांदळाच्या डब्यात खाली दडपून ठेवलंय, सुलूच्या हाती लागायला नको.

अहो, ती वेडी नाही. विमलाताईंकडे येतात ती पोरं तुम्ही बघा. एक मुलगा पेपर समोर आला की उलटी करतो. एक मुलगी केस उपटते, टाळू दिसायला लागलीय बिचारीची. सगळी धडधाकट, चांगल्या घरची, आणि सगळ्यांचे आईबाप माझ्यासारखे बाकावर बसून चपलांकडे बघत असतात. तुम्हाला स्थळाची काळजी आहे. मला तळ्याच्या काठावरची ती नीट ठेवलेली जोडी डोळ्यांपुढून हलत नाही. स्थळ आलं तर दाखवायला मुलगी हवी ना?

आता ताई काय करतात ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात नको ते यायला नको. एका शनिवारी त्यांनी मलाच आत बोलावलं. विचारलं, "नलिनीताई, दिवसभरात सुलूशी काय काय बोलता?" मी म्हटलं, "सगळं बोलते, आई आहे मी तिची." त्या म्हणाल्या, "कालचं आठवून सांगा." आठवायला बसले तर काय निघालं? सकाळी 'झालं का वाचून?', कामावरून आल्यावर 'झालं का वाचून?', आणि अंथरूण घालताना परत तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई म्हणाल्या, "हा प्रश्न बंद." मी म्हटलं, "मग आईने बोलायचं तरी काय?" तर हसून म्हणाल्या, "तुमचं सांगा की. तुम्हाला दिवसभरात काहीच होत नाही का?"

त्या दिवशी कामावरून आले ती तोंडावर हात ठेवूनच. सवय जाते का लगेच? मग आमचे सुपरवायझर सहदेव ताज्या रंगवलेल्या स्टुलावर बसले आणि मागे हिरवा चौकोन घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, ते सांगितलं. सुलू पुस्तकात डोकं घालून होती. मी थांबले. तर मान वर न करता म्हणाली, "मग?" अहो, तो 'मग' ऐकून मला गणपती घरी आल्यासारखं वाटलं.

अजून ती पुरतं बोलत नाही. टपालवाला आला की पांढरीफटक पडते. ताई म्हणतात, काहीतरी आत अडकलंय, घाई करायची नाही.

तुम्ही लिहिलंत, 'तिला तिकडे नेणार असशील तर मला पत्र लिहू नकोस.' मी तिला नेणार आणि पत्रंही लिहिणार. वाचायची की चुलीत घालायची ते तुमचं तुम्ही बघा.

तुमचीच,
नलिनी


मरोळ
१८ जानेवारी १९८७

सुलूचे बाबा,

तुमचं पत्र नाही. संक्रांतीलाही नाही. एवढा अबोला लग्न झाल्यापासून कधी धरला नव्हतात, आणि धरलात तोही समुद्रापलीकडून. माझा राग खुशाल धरा, पण आज जे लिहितेय ते दोनदा वाचा. तुमच्या पाया पडते.

काल सुलू ताईंकडे बोलली. सगळं बोलली. मग ताईंनी तिला विचारून मला आत घेतलं आणि तिने माझ्यापुढे परत सांगितलं.

गेल्या गणपतीत आपण गावी नव्हतो का? आपण म्हणजे आम्ही दोघी, तुम्ही तिकडेच होतात. आरती झाल्यावर रिवाजाप्रमाणे धाकूभावोजींनी गाऱ्हाणं घातलं. सगळं घर, सगळी वाडी हात जोडून उभी. भावोजींचा आवाज तर तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "बा देवा गणपती म्हाराजा, ह्या चेडवाचो बापूस परमुलखात राबता हा, तेका सुखरूप ठेव. तेची इच्छा हा तशी ह्या चेडवाक डॉक्टर कर. आणि चेडवान अभ्यासात कसूर केल्यान, तर तू बघून घे रे म्हाराजा!" सगळे हसले आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. सुलूनेही म्हटलं.

मुंबईला आल्यावर तिचा फिजिक्सचा पेपर कोरा गेला. प्रश्न वाचता येईनात, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली म्हणे. नापास झाल्याचं तिला कॉलेजात कळलं, त्याच दिवशी घरी खंडूभाऊजींचं पत्र आलं की तुम्ही शिडीवरून पडलात.

पोरीने काय धरलं मनात, कळलं का तुम्हाला? तिने कसूर केली आणि देवाने बघून घेतलं. शिक्षा तिला नाही, तुम्हाला दिली. आता पुढची परीक्षा बिघडली तर पायावर भागणार नाही, असं तिला वाटतं. पुस्तक उघडलं की तुम्ही पडताना दिसता. म्हणून वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून जास्त भीती. आणि आपणच नसलो, तर गाऱ्हाण्यातून तुम्ही सुटलात, असा तिचा हिशेब. सतरा वर्षांची आहे हो आपली सुलू. एवढं ओझं एकटीने वाहत होती आणि मी तिला विचारत होते, झालं का वाचून.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "अगो वेडे, काका बोलायच्या भरात बोलले." तिने मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उतरलं नाही. नंतर ताई मला म्हणाल्या, "मी तिला समजावू शकते, ती ऐकूनही घेते. पण मी तिच्या गावची नाही, तिचा देव माझा नाही. ज्यांच्यासाठी ते बोललं गेलं, त्यांच्या तोंडून तिला ऐकायला मिळायला हवं."

मी वाण्याकडच्या फोनवरून गावी पोस्टात फोन लावला, भावोजींना बोलावून घेतलं. म्हटलं, तुम्ही घातलेलं गाऱ्हाणं तुम्हीच फिरवा. तर म्हणाले, "देवाक दिलेलो शब्द परत घेवचो नसता, नलिने. आणि ह्या येड्याच्या डॉक्टराचा खूळ काढ डोक्यातून." मी फोन ठेवला. वडीलधारे आहेत, त्यांना काय बोलू?

तेव्हा आता तुम्हीच राहिलात. तुमच्यासाठी मागितलेलं ते, फिरवायचा हक्क तुमचाच. मागच्या सुट्टीत तुम्ही टू-इन-वन आणलात, त्यात कॅसेट लागते. तुमच्या आवाजात गाऱ्हाणं घाला आणि पाठवा. कागदावर नको. गाऱ्हाणं तोंडाने घातलेलं आहे, ते तोंडानेच फिरलं पाहिजे.

तुम्हाला ती डॉक्टर व्हायला हवी आहे, का हवी आहे तेही मला ठाऊक आहे. तुमची आई पावसात, होडी मिळेना म्हणून, तालुक्याच्या डॉक्टरापर्यंत पोचली नाही. ते दुःख खरं आहे. पण त्यासाठी आता मुलगी देऊ नका. यापलीकडे मला लिहिता येत नाही.

तुमची,
नलिनी


मरोळ
१५ फेब्रुवारी १९८७

अहो,

खंडूभाऊजी सुट्टीवर आले ते सामान टाकायला घरी न जाता विमानतळावरून थेट आपल्याकडे. हातात कॅसेट. म्हणाले, "वहिनी, गुणाजी पत्र लिवता आणि फाडता, लिवता आणि फाडता. मी म्हटलंय, आता बोल तरी." तुम्ही माझ्यावर रागावून गप्प बसलात असं मी धरून चालले होते. तिकडे तुम्ही रडत होतात, हे मला काय ठाऊक? रडायचं होतं तर कळवून रडायचं, मीही सोबत रडले असते.

सुलू कॅसेटला हात लावेना. भिंतीला टेकून उभी राहिली. मी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर, मग तुमचं खाकरणं. आणि मग तुम्ही धाकूभावोजींपेक्षा वरच्या पट्टीत सुरू झालात. एवढा आवाज आहे तुमच्यात, मला घरात कधी ऐकवला नाहीत. "बा देवा म्हाराजा, माझ्या दादान गणपतीत जा गाऱ्हाणा घातला, ता माझ्यासाठी घातलेला. ता मी आज परत घेतंय. माझो पाय मोडलो तो माझ्या चुकीन, शिडी मी नीट लावूक नव्हती. तेच्यात माझ्या चेडवाचो काडीचो दोष नाय. तेना डॉक्टर होवचा तर होवंदे, नसात तर नको. तेका हसता-खेळता ठेव, आणि ता माझ्यावर रागावला आसात तर तेचो राग काढ रे म्हाराजा!"

आणि मागून ते "व्हय म्हाराजा!" खंडूभाऊजींनी सांगितलं, खोलीतल्या सगळ्यांना तुम्ही ओळीने उभं केलंत. केरळचे दोघं आणि तो पेशावरचा पठाण. पठाणाचा "म्हाराज्जा" सगळ्यांचा संपल्यावर एकटाच आला, तोफेसारखा.

सुलूला हसू फुटलं. तोंड दाबून हसायला लागली, हसता हसता खाली बसली आणि मग रडू आलं. तळ्यावरून आल्यापासून रडली नव्हती, ते सगळं रडली. मी जवळ घेतलं, तर या वेळी लाकूड नव्हतं, माझी मऊ पोर होती. पदर भिजवला माझा. मग नाक पुसून म्हणाली, "आई, परत लाव. पठाणाचं." परत लावलं. किती वेळा लावलं ते सांगत नाही, सेल संपत आले. रात्री भात वाढून घेतला तिने, मागून. मासे नव्हते तरी.

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. शनिवारी ताईंकडे कॅसेट घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, म्हणाल्या, भीती एका दिवसात आत शिरत नाही आणि एका दिवसात निघतही नाही, येत राहा. अजून कधी कधी झोपेतून दचकून उठते. पण आता मला हाक मारते. या मार्चला परीक्षेला बसायचं नाही, असं ठरवलंय. मी नाही ठरवलं, ताईंनीही नाही. तिने.

खंडूभाऊजी उद्या परत निघतात, म्हणून काल भेटायला आले, तेव्हा सुलू म्हणाली, "कॅसेटची दुसरी बाजू कोरी आहे ना? सगळे बाहेर व्हा." आम्हाला हाकललं हो, घरच्या मालकिणीला! मी, शकुमावशी आणि खंडूभाऊजी गॅलरीत उभे. दार लोटलेलं, कान दारालाच.

मग तिचा आवाज आला, थरथरता, पण मोठा. मुंबईत वाढलेली पोर, मालवणी धड येत नाही. "बा देवा म्हाराजा, माका… मला डॉक्टर व्हायचं नाही. काय व्हायचंय ते अजून माहीत नाही, जरा वेळ दे. बाबा घरी येतील तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला मार्क विचारू नयेत. आणि मी त्यांच्यावर रागावले नाही, मी घाबरले होते, एवढं त्यांना सांग रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं घातल्यावर समोरून कोणीतरी म्हणायचं असतं ना. आत ती एकटी. मी बाहेरून म्हटलं, "व्हय म्हाराजा." खंडूभाऊजींनी म्हटलं. आणि शकुमावशी, ज्या कुठल्याही देवापुढे हात जोडत नाहीत, त्यांनीही म्हटलं. मी बघितलं त्यांच्याकडे, तर डोळे पुसत म्हणाल्या, "देवाला नाही म्हटलं गं, पोरीला म्हटलं."

ती कॅसेट या पत्रासोबत खंडूभाऊजींच्या हाती देतेय. दाराबाहेरून बारीक ऐकू येईल ते आम्ही तिघं. सुलू आत बराच वेळ यंत्र चालू ठेवून बसली होती. अजून एक आवाज मस्कतहून यायचा राहिलाय, असं म्हणाली.

तुमची,
नलिनी